काकांनी राखून ठेवलेली मुंबई

मुंबईला वारंवार जाऊन ती निम्मीच बघून परत येणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो माझ्या धाकट्या मावशीचा नवरा आहे. संगमनेरच्या पलीकडे त्यांचं गाव. दारात जर्सी गाया, दोन्ही वेळेला डेअरीला दूध घालायचं. त्या गाया एवढ्या नखरेल, की परका हात लागला की पान्हा चोरतात. त्यामुळे लग्न झाल्यापासून हे जोडपं मिळून कुठं मुक्कामाला गेलेलं नव्हतं. मला कॉलेजच्या कामासाठी मंत्रालयात खेपा पडतात. तेव्हा कधी काका माझ्याबरोबर येत, कधी मावशी. दुसरं माणूस गोठ्यात.

काकांना मुंबई दाखवणं म्हणजे डोक्याला ताप. गडी हौशी, पण जिथं जाईल तिथली खास वस्तू बायकोसाठी राखून ठेवणार. राणीच्या बागेत मगर बघितली, पाणघोडा बघितला, आणि पेंग्विनच्या दारातून हे माघारी वळले. "ते तिच्यासंगं बघू." गेटवेला गेलो तर कमानीखालून जाईनात. मलबार हिलच्या बागेत झुडपं कातरून केलेले प्राणी हात लावून तपासले, पाणी कमी पडतंय म्हणून माळ्याला बजावलं, आणि म्हातारीचा बूट समोर येताच टोपी डोळ्यांवर ओढली. म्हातारीचा बूट म्हातारीला सोडून काय बघायचा, असं वर मलाच ऐकवलं. मोठ्या घुमटाच्या म्युझियमात तर कहरच. खालचा मजला मूर्तीमूर्तीला नमस्कार करत बघितला आणि जिन्यापाशी बसकण मारली. वरचा मजला मावशीच्या वाटणीचा. कर्म माझं, दुसरं काय!

मावशीचं नेमकं उलटं. ती एकही कोपरा सोडत नसे. पेंग्विन झाले, बूट आतून-बाहेरून झाला, वरचा मजला तर दोनदा झाला. परतीच्या एसटीत मला दम भरायची, काकांना बोललास तर बघ म्हणून. त्यांचा जीव थोडा होईल. आणि गोठ्यात धार काढता काढता त्यांना खुशाल सांगायची की वरचं बघायचं राहिलंच बाई, पाय दुखत होते. इतकी सफाईदार थाप, की क्षणभर मलाही ती खरी वाटे.

हे असंच चालत राहिलं असतं. पण गेल्या वर्षी काकांना काचबिंदू निघाला. एक डोळा जवळजवळ गेलाच होता, दुसराही अधू होत चालला होता. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी मावशी पहिल्यांदा गायांवर चिडली. शेजारच्या गावात दिलेल्या लेकीला तिनं बोलावून घेतलं, दूध कमी आलं तर येऊ दे म्हणाली, आणि आम्ही तिघं मुंबईला निघालो. खरं सांगतो, वाटेत माझ्या मनात सारखं एकच येत होतं. इतकी वर्षं जपून ठेवलेलं आता ह्यांना दिसणार तरी किती?

म्युझियमात काका थेट जिन्याकडे गेले. वर पोचल्यावर मावशीनं त्यांचा हात धरला आणि बोलून गेली, "डावीकडं वळा. म्होरं उंबरा हाय." मग तिनं जीभ चावली. काका डावीकडं वळले.

काचेआड तळहाताएवढी जुनी चित्रं होती. एका चित्राला नाक टेकेल इतके वाकून काकांनी बराच वेळ बघितलं. रखवालदार मागे व्हा म्हणाला, तसे मागे झाले.

"मला निस्ता रंग दिसतोय," ते मावशीला म्हणाले. "तू आदी बघून गेलीस ते लई बरं झालं. आता सांग."

मावशी काचेपाशी वाकली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "गाय हाय एक. पांढरी. बाई धार काढतीया, वासरू शेजारी बांधलंय."

"वासराला आदी पाजलंय का?"

"पाजलंय की. तोंडाला फेस हाय त्याच्या."

मी वाकून पाहिलं. फेस कुठंच नव्हता.

"मंग बराबर हाय," काका म्हणाले, आणि तिच्या हाताला धरून पुढच्या चित्राकडे सरकले. म्युझियम बंद व्हायची वेळ झाली तेव्हा वरचा मजला निम्मासुद्धा झाला नव्हता, आणि मावशी अजून सांगतच होती.