साध्या टाकीतलं पान

भांडण जुनंच, मावशींना त्यातला शब्दन् शब्द पाठ होता. दाराआड प्रयोगशाळेचे मोठे सर आणि डॉक्टरबाई, दाराबाहेर फरशी पुसणाऱ्या मावशी. फडकं थांबलं, कान चालू राहिले.

"गरम टाकीतलं पान घ्या नाहीतर साध्या टाकीतलं, संकटात निघणारी प्रथिनं दोन्हींत सारखीच," सर म्हणत होते. "असल्या प्रयोगाला अर्थ काय? शुक्रवारी टाक्या रिकाम्या करा."

"सर, हे पाणरोप ज्या तळ्यातून आणलं, तिथेही आता उरलेलं नाही. जगात असलीच तर ही बारा."

"बारा असोत की बाराशे."

प्रथिनं म्हणजे काय, ते मावशींना ठाऊक नव्हतं. पण नऊ वर्षं टाक्या त्यांनीच घासल्या होत्या. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून, उग्र वास उडाला की मगच त्या ते टाकीत घालत. आणि बाईंची विद्यार्थिनी पान तोडून कागदात गुंडाळते, जिना उतरते, वाटेत मैत्रिणीशी गप्पा हाणते आणि मग खाली गोठवते, हेही त्यांनीच पाहिलं होतं.

शुक्रवारी सर आले तेव्हा मावशी टाक्यांपुढे स्टूल टाकून बसल्या होत्या.

"मावशी, उठा."

"उठते. तुम्हाला झोपेतून ओढून जिन्यावरून पळवलं आणि मग छाती तपासली, तर धडधडणारच ना? साधं पानही वाटेतच हबकतं. गोठवायचा थर्मास वर आणा. पाण्यातून काढलं की तिथल्या तिथे बुडवा. मग खुशाल नापास करा."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"मी कुठली शिकवणार, चौथीत शाळा सुटलेली. पण उठायची नाही."

सरांच्या मागोमाग आलेल्या बाई खाली गेल्या आणि थर्मास घेऊन आल्या.

आठवड्याने निकाल आला. कागदावर गरम टाकीच्या पानाच्या प्रथिनांची पट्टी काळी ठिक्कर, साध्याची जवळपास कोरी. सरांनी कागद दोनदा उलटून पाहिला. "स्टूल जागेवर ठेवा," एवढंच म्हणाले. टाक्यांना मात्र कुणी हात लावला नाही.

बाराची चाळीस रोपं झाली. मावशी निवृत्त झाल्या, पण रोज येतच राहिल्या. "आई, घरच्या कुंड्या वाळल्यात," सून टोमणा मारायची. "त्या बाजारात मिळतात," मावशी म्हणायच्या.

ज्या ऑपरेशनातून त्या परतल्या नाहीत, त्याच्या सकाळीही त्यांनी दवाखान्याच्या वाटेत प्रयोगशाळेपाशी गाडी थांबवायला लावली.

"आई, डॉक्टर खोळंबलेत," सून म्हणाली.

"खोळंबू देत. डॉक्टर काय वाळतात?"

जिना चढून त्यांनी कालच्या बादलीचा वास घेतला, मगाने पाणी कडेकडेने टाक्यांत सोडलं. रिकामी बादली नळाखाली भरून उद्यासाठी उघडी ठेवली, आणि पदराला हात पुसत त्या खाली उतरल्या.