मेश्राम सर आणि गोऱ्या खासदाराची मतं

आमच्या कॅम्पातल्या लोकांना क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ असायचे; मेश्राम सरांना युरोपातल्या एका खासदाराची मतं तोंडपाठ होती. गुरुवारी संध्याकाळी आठवडा संपला की ओमानातल्या दुक्मच्या त्या पत्र्याच्या खोल्यांतून जो तो घरी फोन लावायचा. सर मात्र मेसमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे, पुढ्यात शाळकरी वही. युरोपच्या संसदेत कोणत्या ठरावाला कोण 'हो' म्हणालं, कोण 'नाही', ते नावानिशी जाहीर होतं. सर त्यातून एकच नाव शोधायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. नद्यांचा कायदा, हो. कीटकनाशकं, हो. जंगलतोड, हो.

"काय सर, नात्यातला आहे की काय?" मी एकदा विचारलं. मी सावंत, चिपळूणकडचा, प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली होतो. सर मूळचे भंडाऱ्याचे, शिक्षण नागपुरात, आणि वीस वर्षं आखातात काढूनही बोली जशीच्या तशी.

"मालक आहे बे तो आपला," सर म्हणाले. "कंपनी कोणत्या देशातली? त्याच्या. तो बसतो कुठं? पर्यावरणाच्या समितीत. तीन वेळा निवडून आला अन् तिन्ही वेळा तीच समिती. आपला मॅनेजर मस्कतला कुरुमच्या ऑफिसला भितो, कुरुमवाले तिकडच्या ऑफिसला भितात, अन् तिकडचे याला. मग मी खालच्यांच्या दारात काहून उभा राहू?"

मी हसलो होतो. आता ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मत या गोष्टीबद्दल सरांच्या मनात जी आदराची भावना होती, ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्यांचे वडील मतदानाच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, चहासुद्धा न घेता निघायचे. "आपल्या लोकांना ही वस्तू फार उशिरा भेटली न सावंत," सर म्हणायचे, "म्हणून आम्ही ती दोन्ही हातांनी धरतो." माणूस भाषणात काय बोलतो त्याला ते काडीची किंमत देत नसत. "बोलणं सोड. हात कधी वर करतो ते पाहा." पगारवाढीपासून मेसच्या मेनूपर्यंत त्यांना सगळं मताला टाकायचं असायचं. भात की चपाती यावरही त्यांनी एकदा मतदान घेतलं होतं, चिठ्ठ्या वाटून. चपाती हरली आणि स्वतः चपातीवाले सर महिनाभर निमूट भात जेवले.

कामातही तसेच. आमच्या कारखान्याचं रसायनमिश्रित सांडपाणी एका मोठ्या तळ्यात सोडलेलं होतं. तळ्याला खालून जाड प्लॅस्टिकचं अस्तर, आणि पाणी झिरपतंय का ते पाहायला सभोवती बोअर मारलेल्या. दर पंधरवड्याला आम्ही त्या बोअरचं पाणी तपासायचो. मीटर हातात घेण्याआधी ते प्रमाणित द्रावणात बुडवून बरोबर दाखवतंय का, हे मी बघायचो आणि रजिस्टरात सही करायचो. सर त्या सहीशिवाय बोअरचं झाकणसुद्धा उघडू द्यायचे नाहीत.

एका हिवाळ्यात उताराकडच्या बोअरचे आकडे चढायला लागले. आधी थोडे, मग धडाधड. त्या बोअरच्या खाली एका वस्तीची विहीर होती. माणसांना टँकरचं पाणी यायचं, पण उंट आणि बकऱ्या त्या विहिरीवरच. बकऱ्यांचं दूध वस्तीतली पोरं प्यायची. सरांनी मॅनेजरला तीन पत्रं दिली. मॅनेजर प्रत्येक वेळी म्हणाला, "इन्शाल्ला, बघू." अस्तर बदलायचं तर कारखाना थांबवावा लागणार होता, आणि कारखाना थांबवा म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती.

आणि नेमका त्याच वेळी तो खासदार दुक्मला आला. खरोखरचा, हाडामांसाचा! युरोपातल्या खासदारांचं पथक कारखान्याची 'हरित' बाजू पाहणार होतं. सरांना दहा मिनिटं समजावून सांगायला दिली होती. त्यांनी टाय बांधला. मी त्यांना टायमध्ये तेवढं एकदाच पाहिलं.

खासदार उंच, हसतमुख, डोक्यावर नवंकोरं हेल्मेट. सरांनी त्याला त्याचीच मतं म्हणून दाखवली, वही न उघडता. तो माणूस इतका खूश झाला की त्याने सरांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढवून घेतला. मग सरांनी फाइल पुढे केली. आकडे, नकाशा, तिन्ही पत्रांच्या प्रती. "साहेब, तुमच्या समितीने कायदा मंजूर केलाय. कंपनीने युरोपाबाहेर घाण केली तरी जबाबदार तीच. आमच्यासाठीच आहे तो," सर त्याला इंग्रजीत म्हणाले. त्याने फाइल छातीशी धरली आणि सांगितलं, मी जातीने लक्ष घालतो.

त्या संध्याकाळी सरांनी अख्ख्या मेसला आइस्क्रीम दिलं.

आठ दिवसांनी ती फाइल परत आली. आमच्या मॅनेजरच्या टेबलावर! वर एक छापील चिठ्ठी: 'आपल्या माहितीसाठी, सदिच्छांसह.' सरांच्या हस्ताक्षरातल्या खुणा, सरांची सही, सगळं जसंच्या तसं, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच्याच हातात नेऊन दिलेलं. याला केसाने गळा कापणं म्हणतात. मी ती चिठ्ठी पाहिली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आग लागो त्या सदिच्छांना!

मग कुरुमच्या ऑफिसात चौकशी समिती नेमली गेली. तिघांची: मॅनेजर, ॲडमिनचा एक माणूस आणि प्रयोगशाळेच्या वतीने मी. ठराव आधीच टाइप करून आणलेला होता. मीटर प्रमाणित केलेलं नव्हतं, म्हणून मेश्राम यांची रीडिंग ग्राह्य धरता येत नाहीत; ती बाहेरच्या व्यक्तीला देऊन त्यांनी शिस्तभंग केला; सबब सेवा समाप्त. ज्या रजिस्टरात माझ्या सह्या होत्या ते रजिस्टर टेबलावर नव्हतंच. मी विचारलं, "रजिस्टर कुठाय?" मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी मुलगी बारावीला आहे ना? मस्कतला, वादी कबीरच्या शाळेत? वर्षाच्या मध्यात व्हिसाची भानगड झाली तर पोरांचं फार नुकसान होतं." आणि मग, "यल्ला, हात वर करा."

त्याने केला. ॲडमिनवाल्याने केला. मी पण केला. झालं, खलास. वर हात करायला किती वेळ लागतो? डास मारायलासुद्धा त्याहून जास्त लागतो. कागदावर लिहिलं गेलं: 'एकमताने मंजूर.' नावं नाहीत, सह्या नाहीत.

सरांना मस्कतच्या विमानतळावर सोडायला मीच गेलो. दुसरं कोणी जाईना, आणि मी मुद्दाम मागून घेतलं. का, ते तुम्ही ओळखा. सहा तासांचा रस्ता, दोन्हीकडे सपाट उजाड माळ. मला वाटलं होतं सर तोंडाचा पट्टा सोडतील. मॅनेजरला, कंपनीला, त्या खासदाराला शिव्या घालतील आणि मलाही त्यात दोन घालता येतील. पण तासभराचा रस्ता मागे पडल्यावर ते हळूच बोलायला लागले.

"सावंत, माझी गलती झाली रे."

"तुमची? तुमची कसली गलती, सर?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मी शेवटचं मत वाचलं. आधीची वाचलीच नाहीत." फाइल परत आल्यावर सरांनी त्या समितीचे कागद पहिल्यांदा नीट पाहिले होते. समितीत एकेका दुरुस्तीवर मतं घेतात तेव्हा बहुतेक वेळा नुसते हात वर करतात. नावनिशीवार लिहितात ते शेवटचं मत. त्या जबाबदारीच्या कायद्यात 'युरोपाबाहेरचे कारखाने' असे शब्द होते. ते गाळावेत अशी एक दुरुस्ती आली, समितीत हात वर झाले, शब्द गेले. उरलेल्या पोकळ कायद्याला हा माणूस शेवटी मोठ्या झोकात 'हो' म्हणाला. दुरुस्ती मांडणाऱ्याचं नाव मात्र छापतात. "वर त्याचंच नाव होतं," सर म्हणाले. "हे सगळं आपल्यापुढंच ठेवलेलं होतं बे. मीच शेवटचं पान उघडून बसलो."

च्यायला, हा माणूस भंडाऱ्याहून इथे येऊन, पत्र्याच्या खोलीत राहून एका परक्या संसदेवर विश्वास ठेवतो, ती त्याच्या तोंडाला पानं पुसते, आणि हा म्हणतो माझी चूक! मला गाडी थांबवून त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. पण मी काय हलवणार?

वाटेत पेट्रोल पंपावर आम्ही चहा घेतला. कपाकडे बघत सर म्हणाले, "आपल्या कमिटीत कोण कोण होतं, काही कळलं का रे तुला?"

सहा तासांत खरं सांगून टाकायची ती एक जागा होती. मी म्हणालो, "नाही सर."

विमानतळावर त्यांनी बॅग उतरवली. एकच बॅग, वीस वर्षांची. मला जवळ घेऊन पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "बाकीचे गेले उडत. तू तरी सोबत राहिला न, सावंत." ते आत जाईपर्यंत मी हात हलवत होतो. तोच हात.

यंदा मार्चमध्ये सर नागपुरात वारले. त्यांच्या मुलाने मेसेज पाठवला, 'बाबा तुमचं नाव नेहमी काढायचे.' खासदार अजून त्याच समितीत आहे, हल्ली तिथल्या परिषदांत त्याला सन्मानाने बोलावतात, आणि त्याच्या मतांची यादी अगदी हिरवीगार आहे. मुलगी बारावी होऊन कॉलेजात गेली. अस्तर तेच आहे. उताराकडची बोअर आता तपासणीच्या यादीतून वगळली आहे. वस्तीचे उंट त्याच विहिरीवर येतात, मी गाडीतून बघतो.

वर्षभर मी त्या गोऱ्याला शिव्या घालत होतो. घरी, मित्रांत, एकट्याने गाडी चालवताना. फार बरं वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं की त्या हलकटाने निदान दुरुस्तीवर स्वतःचं नाव घातलं होतं. सरांना ते शोधता आलं. माझं नाव त्यांनी कुठे शोधायचं होतं?

म्हणून हे लिहितोय, उशिरा का होईना. ठरावाच्या बाजूने तीन हात होते, त्यातला एक माझा, सावंतचा. बोअरचे आकडे घेतले त्या प्रत्येक सकाळी मी स्वतः तपासलं होतं. मीटर बरोबर होतं.