ओलं कुंकू आणि रुंद टायर

मला लिहायची सवय नाही. पण आमच्या सुनेबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि माझा मुलगा केदार काही लिहिणार नाही.

चैत्राली जपानमध्ये, टोकियोच्या तोयोसुला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. साताऱ्याला तिच्या वडिलांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. शाळा सुटली की ती दप्तरासकट तिथेच. अजूनही रस्त्यात ती माणसांच्या आधी टायरकडे बघते. ग्योतोकुला स्थिरावल्यावर तिने एक जुनी अमेरिकन मसल कार घेतली. माझ्या कॉलेजच्या काळातली, दोन दारांची, लांब नाकाची. इंजिन अवाढव्य आणि टायर मात्र अरुंद, त्यामुळे पावसात वळताना मागची बाजू सरकायची. एकदा माझी नात अबोली आत असताना सरकली. तेव्हा केदार म्हणाला, "शाकेनच्या आधी रुंद टायर बसव, नाहीतर गाडी विकत मागतोय त्या इचिकावाच्या गिऱ्हाइकाला देऊन टाक."

शाकेन म्हणजे इथली गाड्यांची सरकारी तपासणी. चैत्राली नुसती "बरं" म्हणाली. एरवी ती वाद घालते. त्यावरूनच कळलं, तिला किती लागलंय ते.

रुंद टायर बसवणं म्हणजे चाक काढून चाक लावणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. चाक आत गेलं तर कमानपाट्याला, म्हणजे खालच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना घासतं, बाहेर आलं तर मडगार्डच्या बाहेर दिसतं, आणि शाकेनला ते चालत नाही. आमचे शेजारी निशिदा-सान यांनी आपलं गॅरेज दिलं. चैत्रालीने मडगार्डवरून ओळंबा सोडला. टायर दोऱ्याच्या आत होता. घामेजलेल्या चेहऱ्याने ती हसली.

तेवढ्यात सुचेता, म्हणजे आमची ही, ताट घेऊन आली. "नवी चाकं आहेत ना? मग कुंकू नको लावायला?"

टायरच्या बाजूवर उठावाची अक्षरं होती, तिथे बोट टेकेना. म्हणून हिने टायरच्या काठावरच ओल्या कुंकवाचे पट्टे ओढले. निशिदा-सान वाकून बघत राहिले आणि मान डोलावत म्हणाले, "नारुहोदो," म्हणजे 'अस्सं होय!' त्यांना ती भारतातली टायर तपासायची पद्धत वाटली.

चैत्रालीने आम्हा दोघांना मागे बसवून चक्कर मारली. पुलाच्या चढावर खालून खर्रर्र आवाज आला.

"तुमच्या वजनानं," ही मला म्हणाली.

"आणि तू काय फूल आहेस?"

चैत्रालीने तिथूनच गाडी वळवली. परत आल्यावर तिने गाडी जॅकवर उचलली आणि ती खाली शिरली. घासतंय ते आत की बाहेर, हेच कळत नव्हतं. आत असेल तर चाकंच चुकली, म्हणजे गाडी गेली. बराच वेळ नुसते तिचे पाय दिसत होते.

मग खालून आवाज आला, "आई! तुमच्या कुंकवानं चोर पकडला!"

मडगार्डच्या पत्र्याला आतून जी दुमडलेली कड असते, तिच्यावर लाल रेघ उमटली होती. कमानपाटा कोरा होता. निशिदा-सानना यात काहीच नवल वाटलं नाही. पद्धतच होती ना ती!

ती कड आत वाकवून सपाट करायची होती. घाई केली तर जुना रंग तडकला असता. चैत्रालीने गरम हवेने पत्रा तापवला, हाताने अंदाज घेतला, थोडं दाबलं, थांबली, पुन्हा तापवला. मी स्टुलावर बसून होतो. रंगाला केसाएवढाही तडा गेला नाही. इतक्या सबुरीने मी आयुष्यात काही केल्याचं आठवत नाही.

शाकेनहून ती परतली तेव्हा आम्ही खालीच उभे होतो. तिने पुढची सीट वाकवली. "आई, बाबा, मागे बसा."

आम्ही कसेबसे आत शिरलो. पुलाचा चढ आला. मी कान देऊन बसलो होतो. फक्त इंजिन ऐकू येत होतं.

"पास?" हिने विचारलं.

आरशात चैत्रालीचे डोळे हसत होते. "इचिकावाच्या त्या गिऱ्हाइकाला कळवायचं काम आता तुमच्या मुलाचं!"