आकड्यापुढची रेघ

आमचा शेजारी एल्डन प्रूट म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या कारखान्यातला जुना जोडारी. वडिलांचं रिव्हॉल्व्हर त्यानं पॉलिश करायला जिवलग मित्र ऑरिनकडे दिलं होतं. ते घ्यायला गेल्यावर त्यानं सवयीनं गोळ्यांचं चक्र बाजूला काढलं आणि आतला नंबर वाचला. मॉडेलच्या आकड्यापुढे रेघ होती आणि रेघेपुढे दोन. कारखान्यानं रचना बदलली की तो पुढचा आकडा वाढतो. वडिलांच्या रिव्हॉल्व्हरवर रेघच नव्हती.

"ऑरिन, बाबांचं कुठंय?"

"अरे येड्या, हेच की! चकाकलं म्हणून ओळखू येईना होय?"

"पॉलिशनं रेघ उगवत नाही, गड्या."

ऑरिननं मान खाली घातली. "जुन्या पिस्तुलांचा एक शौकीन मागेच लागला होता रे. विकलं त्याला."

"तू स्वतःसाठी मागितलं असतंस, तर तसंच दिलं असतं," एल्डन म्हणाला आणि ते परकं रिव्हॉल्व्हर तिथंच ठेवून निघाला.