ज्या नावाला कोणी उठलं नाही

धाकटीचं खरं नाव मी सांगणार नाही. ते सध्या कोणीच घेत नाही, आणि मी काही अक्कल गहाण टाकलेली नाही. तिला काही म्हणायचंच असेल तर नाकामारा म्हणा, ते तिच्या गोताचं नाव. पण तिची सख्खी थोरली बहीणही नाकामाराच, म्हणजे पुन्हा घोळ. त्यापेक्षा आपण आपलं थोरली आणि धाकटी म्हणू, कुणाचं काही बिघडत नाही.

धाकटीची जीभ तिखट आणि हात गोड. उत्तरेच्या रस्त्यावर आमची, म्हणजे इथल्या मूळच्या वार्लपिरी लोकांची वस्ती आहे, तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी एक स्वयंपाकघर चालायचं. धाकटी तिथे वर्षानुवर्षं रांधत होती. कांगारूचं शेपूट निखाऱ्यात असं भाजायची की तोंडात दात नसलेले म्हातारेसुद्धा हाड चोखत बसायचे. कोणी मिठाबद्दल कुरकुर केली, तर चव तुझ्या जिभेतून गेली त्याला मी काय करू, म्हणायची. म्हातारे हसायचे आणि पुन्हा ताटली पुढे करायचे.

तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही. थोरलीला एक मुलगी झाली, आणि थोरलीने तिला धाकटीचंच नाव ठेवलं. आमच्यात मावशी म्हणजे आईच, तिला वेगळा शब्दसुद्धा नाही. तेव्हा त्या पोरीला दोन आया होत्या आणि त्यातल्या एकीचं नावही तिच्या वाट्याला आलं होतं. वस्तीत कोणी त्या नावाने हाक मारली की दोघी एकदम ओ द्यायच्या आणि मग बोलावलंय कोणाला यावरून त्यांची जुंपायची. पोरीचा हिशेब सोपा होता. काम असेल तर हाक धाकटीला, खायला असेल तर आपल्याला.

गेल्या वर्षी, पावसाचा थेंब नसलेल्या दिवसांत, कच्च्या रस्त्यावर गाडी उलटली आणि ती पोरगी गेली.

माणूस गेलं की त्याच्याबरोबर त्याचं नावही जातं. कायमचं नव्हे, पण काही वर्षं तरी. दुःख जरा निवलं आणि घरातल्या मोठ्यांना वाटलं, की नाव परत येतं, एखाद्या नव्या बाळाला मिळतं. तोवर त्या नावाची जी जिवंत माणसं असतील त्यांनाही कोणी त्या नावाने हाक मारत नाही. त्यांना कुमनजाई म्हणायचं, म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही असं माणूस. वस्तीच्या दवाखान्यातली गोरी नर्स नेमकी त्याच नावाची निघाली. ती बिचारी एका दिवसात नुसती सिस्टर झाली आणि तिने हूं की चूं केलं नाही. आणि आमची धाकटी, जन्मापासूनचं नाव अंगावर वागवणारी, ती कुमनजाई झाली.

पोरीचं घर डहाळ्यांनी झाडून बंद केलं. जिथे ती वावरली तिथे या दोघी बहिणींनी राहणं बरं दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याने राहवतही नव्हतं. दोघी उठून एलिस स्प्रिंग्जच्या कडेच्या वस्तीत आल्या. धाकटीचा दीर जापालजारी तिथे राहतो, त्याने खटपट करून दोन खोल्या मिळवून दिल्या. डोक्यावर छप्पर आलं, पण स्वयंपाकघराची नोकरी मागेच राहिली. शहरात तिने चार ठिकाणी विचारलं. पन्नाशी उलटलेली बाई, कागदावर शिक्षण नाही, कोण ठेवणार? मग बेकारभत्त्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

थोरली बोलत नव्हती. पोटचं मूल गेलेल्या आईने आमच्यात तोंड उघडायचं नसतं, बराच काळ. ती हातांनी बोलते. आमच्या बायकांची ही हातांची भाषा काही आंधळी कोशिंबीर नव्हे. तिच्यात भांडता येतं, भाव करता येतो, चहाड्याही सांगता येतात. थोरली तर बोटांनी टोमणे मारण्यात वस्ताद. चहात साखर कमी पडली की दोन बोटं अशी नाचवायची, की धाकटीला वाटायचं, हिचे हात बांधून ठेवले असते तर बरं.

भत्त्याच्या कचेरीत ठरल्या दिवशी हजर व्हायचं, नोकरी शोधतेय म्हणून सांगायचं, आणि मग पैसे चालू राहायचे. सुरुवातीला काही अडलं नाही, कारण तिथे वेरोनिका होती. ती इथलीच, आरेर्न्टे लोकांतली. तिला काही समजावून सांगावं लागत नसे. धाकटीची पाळी आली की ती जागेवरून उठायची, खुर्च्यांमधून चालत यायची आणि हळूच कोपराला हात लावायची. मग वेरोनिकाच्या मुलीला डार्विनला बाळ झालं आणि ती नातवंड सांभाळायला निघून गेली. तिच्या जागी कॅलम नावाचा तरुण आला. ॲडलेडचा, नीटनेटका, मनाने वाईट नव्हे. पण त्याला सांगणार कोण?

जुलै होता, म्हणजे आमच्याकडची कडाक्याची थंडी. दोघी बहिणी सकाळीच जाऊन कचेरीत बसल्या होत्या, घरापेक्षा तिथे ऊब जास्त म्हणून. कॅलम दरवाजात आला, हातातल्या यादीकडे बघितलं आणि त्याने ते नाव घेतलं. पहिलं नाव, आडनाव, खणखणीत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

खोलीतल्या आमच्या लोकांनी माना खाली घातल्या. कोणी खोकलं, कोणी बुटाच्या नाड्यांशी चाळा केला. कॅलमने पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, जरा वैतागून. आणि धाकटी? ती उठली नाही. तिची मान आपसूक बाहेरच्या काचेच्या दाराकडे वळली. किती महिन्यांनी कोणीतरी त्या नावाने, हाक मारायची तशी, हाक मारली होती. दाराबाहेर एक कुत्रं उन्हात अंग शेकत होतं, बाकी कोणी नव्हतं.

कॅलमने गैरहजर म्हणून नोंद केली आणि पुढचं नाव घेतलं. त्या पंधरवड्यापासून भत्ता बंद.

ते दोघींनाही जड गेलं. थोरलीच्या पेन्शनचे कागद अजून अडकलेले, म्हणजे घर चालायचं ते धाकटीच्याच पैशावर. आमच्या घरांत विजेचे पैसे आधी भरावे लागतात, ते संपले की दिवे, हीटर, सगळं गप्प. दोघी बाहेर पिंपात लाकडं पेटवून बसायच्या. जापालजारी पीठ आणून द्यायचा, त्याच्या भाकऱ्या राखेत भाजायच्या आणि काळ्या चहाबरोबर खायच्या. त्याच्याकडून घेताना धाकटीचा जीव अर्धा व्हायचा. आयुष्यभर दुसऱ्याला वाढलेली बाई ती.

पण पैशापेक्षा तिला खात होतं ते वेगळंच. त्या दिवसापासून थोरलीने तिच्याकडे पाठ केली होती. शेकोटीशी बसली तरी तोंड फिरवून, फाटकाकडे. टोमणे बंद, साखरेची तक्रार बंद, हात मांडीवर पडलेले. धाकटीने चार वेळा विचारलं, काय झालं गं? धाकटीने आपल्या मनाशी ताडलं की थोरलीला राग आलाय. माझ्यामुळे तिच्या लेकीचं नाव भर लोकांत ओरडलं गेलं, तीन तीनदा. मी आधीच त्या पोराला सांगून ठेवायला नको होतं का? बहीण समोर असून तिचे हात गप्प झाले, तेव्हा धाकटीला पहिल्यांदा कळलं की ती किती एकटी आहे.

जापालजारी म्हणाला, फोन करून बघू. त्याने आपला फोन लावून दिला. आधी यंत्रातली बाई बोलली, मग किती तरी वेळ गाणं वाजलं, मग दूरच्या कुठल्या शहरातली खरी बाई आली. तिने पूर्ण नाव विचारलं.

"कुमनजाई," धाकटी म्हणाली.

त्या नावाचं कोणी नाही, असं पलीकडून उत्तर आलं. पूर्ण नाव सांगा, ओळख पटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

"तुझ्यासमोर लिहिलेलं आहे ना ते? मग मला कशाला म्हणायला लावतेस?"

पलीकडच्या बाईने नियम सांगितला, गोड आवाजात. जापालजारी मध्येच वाकून म्हणाला, मी सांगू का वहिनी? आणि लगेच त्याचं त्यालाच कळलं, की तोही सांगू शकत नाही. फोन बंद झाला तेव्हा तो म्हणाला, "कमालच झाली म्हणायची. इतकी वर्षं सरकारला आपली नावं धड घेता येत नव्हती, आता घ्यायला लागलं तर आपणच नको म्हणतोय." धाकटीला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी ती उठली, डोक्याला लोकरी टोपी घातली आणि कचेरीकडे निघाली. मागून पावलं वाजली म्हणून वळून बघते, तर थोरली येत होती.

या वेळी धाकटी खुर्चीवर बसलीच नाही. सरळ कॅलमच्या टेबलापाशी गेली आणि त्याने काही म्हणायच्या आत हात वर केला. ते नाव घेऊ नकोस, म्हणाली. त्या नावाची आमची एक मुलगी गेली. मग तिने त्याला सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, जितकं अनोळखी माणसाला सांगता येतं तितकं. पोरगा ऐकत गेला आणि त्याचे कान लाल होत गेले. त्याने माफी मागितली, थोरलीकडे बघूनही मागितली. थोरली दाराकडे बघत होती.

मग तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला की यावर उपाय आहे, अगदी सोपा. संगणकातून ते नाव काढून टाकू. त्या जागी कुमनजाई लिहू, नाहीतर नाकामारा. पुन्हा कधी कोणी चुकूनसुद्धा ते घेणार नाही. त्याने बोटं कीबोर्डवर ठेवलीसुद्धा.

"काढू नकोस," धाकटी म्हणाली.

तो थांबला. ते नाव उद्या परत येणार आहे, तिने सांगितलं, मी असेन तेव्हा किंवा नसेन. कोणा बाळाला ते द्यायचं आहे. तोवर ते कुठेतरी असू दे. आमच्या तोंडात ते ठेवता येत नाही, तर तुझ्याकडे राहू दे. फक्त मोठ्याने म्हणू नकोस. माझी पाळी आली की उठ आणि मला येऊन सांग, वेरोनिका सांगायची तसं.

कॅलमने मान डोलावली. त्याने तशी नोंद केली. मग म्हणाला, बंद झालेला भत्ता चालू करायला एक कारण लिहावं लागेल. त्या दिवशी तुम्ही इथेच होतात, मग उठला का नाहीत? तुमची प्रथा आहे म्हणून, असंच लिहू ना?

हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. खोटंही नव्हतं ते. धाकटीने हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्याने ते म्हणवेना. स्वयंपाकघरात म्हाताऱ्यांना रोखठोक सुनावणारी बाई, तिला अर्धवट बोलायची सवय नव्हती.

"प्रथा माझ्या ध्यानातही नव्हती," ती म्हणाली. "तू हाक मारलीस आणि मी दाराकडे बघत बसले. म्हटलं, येते का बघू."

कॅलमची बोटं थांबली. मग त्याने काय लिहिलं ते त्याचं त्याला ठाऊक, पण लिहिलं. पैसे आठवडाभरात सुरू होतील, म्हणाला. धाकटी उठायला लागली.

तेवढ्यात थोरलीने तिची बाही ओढली. इतके दिवस मांडीवर पडून राहिलेले हात तिने छातीपर्यंत वर उचलले. मग ते बोलू लागले. मीसुद्धा बघत होते दाराकडे, हात म्हणाले. रोज बघते. धाकटीला तेव्हा उमगलं की थोरलीने तिच्याकडे पाठ केलीच नव्हती. तिने फाटकाकडे तोंड केलं होतं, एवढंच. हात थांबले नाहीत. त्यांनी कॅलमकडे बोट दाखवलं आणि सावकाश, लहान मुलाला समजावावं तसं, सांगितलं: त्याला म्हण, एकदाच. परत एकदा तशीच हाक मार म्हणावं.

"काय म्हणतायत त्या?" कॅलमने विचारलं.

धाकटीने थोरलीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि घट्ट धरून ठेवले.

"काही नाही," ती म्हणाली. "थंडी वाजतेय म्हणते."