रिकाम्या खोलीवरचा स्लॅब

वस्तीत कुणी छपरावरचे कवेलू उतरवून स्लॅब टाकायला घेतला, की शेजारचे काका शिडीशी हजर. "टाक गा, पण वरून पांढरा चुना मार. खाली माणसं राहतेत, वांगे नाही भाजाचे!" लोक हसतात.

काकांनीही आईसाठी हौसेनं पक्कं घर बांधलं होतं. चुन्याचं तेव्हा कुणी सांगितलं नाही. "पंखा आग फेकून राहिला, बापू," म्हातारी म्हणायची. मे महिन्यातल्या एका दुपारी त्याच स्लॅबखालच्या खोलीत उकाड्यानं तिचा जीव गेला. सरकारी कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं, वयोमान. साफ खोटं! ती उष्माघातानं गेली, अशी पत्रकं आम्ही वस्तीतल्यांनी छापली, वाटली. कागद बदलला नाही.

काल भर उन्हात काका त्या स्लॅबवर बादलीनं पाणी ओतत होते.

"काका, खालची खोली तर रिकामी आहे."

"तपून राहिली ना, गा," ते म्हणाले आणि पुन्हा पाणी आणायला खाली उतरले.