दिवा आडवा हलला

यवतमाळहून निघालेली एसटी वणीजवळ आली, तसा रस्त्याकडेचा फुटलेला कापूस राखाडी दिसू लागला. कोळशाच्या ट्रकांची धूळ, दुसरं काय! मी नाशिकचा, असं शेत पाहून जीव हळहळला. शेजारी बसलेल्या शेतकरी आजोबांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. "धुयीचं कायले (धुळीचं कशाला) घेऊन बसता? बोंड फुटलं ना," म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वणीला राहणाऱ्या माझ्या ताईने पोह्यांवर तर्री (चण्याचा झणझणीत रस्सा) वाढली. मी नाक पुसत खात होतो. समोर भाची शीतल पोह्यांना हातही लावत नव्हती, कारण आज तिची परीक्षा होती. जमिनीखालच्या खाणीत कोळसा कापणारं मशीन तिला साहेबांसमोर चालवून दाखवायचं होतं. जमलं तर ऑपरेटर, नाहीतर पुन्हा वरच्या ऑफिसात. ओळखीपाळखीने मलाही खाली उतरायची परवानगी मिळाली होती. वाटेत तिने बजावलं की मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, खाली सगळं टोपीवरच्या दिव्याने चालतं. दिवा आडवा हलला की मशीन थांबवायचं.

बोगद्याचा उतार लांबलचक, त्यात मला दिलेले गमबूट मोठे आणि डोक्यावर दिव्याची टोपी. मी घसरत, भिंत धरत कसाबसा तळाला पोचलो. आत दमट गरमी होती. मशीन बुटकं पण चांगलंच लांब, तोंडाशी पोलादी दातांचा ड्रम. शीतल मागे उभी राहून कमरेला बांधलेल्या रिमोटने ते चालवत होती. ड्रम भिंतीला भिडला, पाण्याचे फवारे उडाले आणि कोळसा भराभरा ओघळू लागला. काय हात बसला होता पोरीचा! साहेबांशेजारी उभ्या उभ्या मी खूश होऊन मान डोलावली, गाणं आवडल्यावर डोलावतो तशी.

मशीन थांबलं. शीतलनेच थांबवलं होतं.

का थांबलीस, साहेबांनी विचारलं. मी पुढे होऊन सांगितलं की चूक माझी आहे, मी नुसती मान डोलावली. हे तुझे मामा आहेत, त्यांना खुणा कळत नाहीत, हे तुला ठाऊक होतं ना, असं साहेबांनी तिलाच पुन्हा विचारलं.

"दिवा आडवा हालला, सर," शीतल म्हणाली. "मामाचा हाये का कोनाचा, हे पायत (पाहत) बसली असती तं..."

साहेबांनी मान जराही न हलवता हातानेच खूण केली, चालू कर. वर आल्यावर त्यांनी ती पास झाल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

परतीच्या एसटीत मी मनाशी जुळवत होतो, भाचीने माझ्यासाठी एवढं मशीन थांबवलं, असं घरी सांगायचं. पण ते काही खरं नव्हतं. तिथे कुणीही उभं असतं तरी ती थांबली असती. मग घरी जे खरं तेच सांगितलं, आणि सांगताना मला तिचा फार अभिमान वाटला.